विदर्भ एक्स्प्रेसचा जनरल डबा
सहा डिसेंबरसाठी नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सुटल्या, की रेल्वेने आपल्यावर उपकार केल्यासारखी चर्चा होते. उरलेल्या वर्षाचं काय? दुपारी गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ करत सकाळी मुंबईत पोचते. आज काम लागलं म्हणून निघालेल्या मजुराने आरक्षण कधी करायचं? जनरल डब्यात संडासाच्या दाराशी बसून मीही रात्र काढली आहे. बायांचे हाल तर विचारूच नका. गर्दीने आरक्षित डब्यात ढकललेल्याला ‘फुकटे’ ऐकावं लागतं. जात विचारावी लागत नाही, गळ्यातला निळा दुपट्टा पुरतो. खिशात तिकीट असतं, बसायला जागा नसते. मित्रांनो, यंदा विशेष गाड्यांचं निवेदन देताना पहिली मागणी लिहा: विदर्भ एक्स्प्रेसला बारमाही जादा जनरल डबे.