विश्लेषण : पाऊस काही पट बघून पडत नाही! सातपुड्यातल्या शाळांचा हिशोब कुठे चुकतो?

दोंडाईचा : सारंगखेड्याचा तापी पूल ओलांडून शहाद्याच्या पुढे गेलं की सातपुडा लागतो. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत धडगाव, अक्कलकुवा आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला, पण पाड्यावरच्या शाळेचा प्रश्न शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात आणि तिकडेही तोच आहे.

शाळा बांधली की नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या पावसाळ्यात पत्रा उडाला तर पैसा कुठून आणायचा? समग्र शिक्षाचं वार्षिक शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असतील तर २५ हजार. त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. म्हणजे लहान पाड्याच्या शाळेला पैसा सगळ्यात कमी, आणि सिमेंट-पत्रा घाटातून वर न्यायचं भाडं तिलाच सगळ्यात जास्त!

इथूनच चक्र फिरतं. छत गळतं, पालक मूल आश्रमशाळेत टाकतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं कुटुंब मुलांनाही सोबत नेतं. पट घटतो, अनुदानही घटतं आणि शेवटी शाळा 'कमी पटाची' ठरते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पानशेतसोबत आपल्या शेजारच्या तोरणमाळचंही नाव होतं. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो त्यापेक्षा मोठी शाळा बरी, हे म्हणणं खोटं नाही. पण सहा वर्षांच्या पोराने घर सोडायचं का? शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातलं एक किलोमीटर म्हणजे मध्ये नाला, आणि नाल्याला पूर.

नर्मदाकाठच्या चिमलखेडी, निमगव्हाण इथे १९९० च्या दशकात आंदोलनातून जीवनशाळा उभ्या राहिल्या. गावाने लाकूड-बांबू दिला, शिकवायलाही त्याच भागातली माणसं पुढे आली. तिथे शाळा गावाची होती, म्हणून डागडुजीही गावच करायचं. पण गावाने केलं म्हणून सरकार सुटत नाही.

आपल्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. त्यात छत, पाणी, संडास यांचा खर्च वाहतुकीसह लिहा. पेसा गावांना ५ टक्के थेट निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो, तसा ग्रामसभेत ठराव घ्या. आणि सरकारने डोंगरातल्या शाळेचं अनुदान पटासोबत अंतर आणि पाऊस बघूनही ठरवावं, ही मागणी लावून धरा.

शाळा बंद करायची फाईल निघण्याआधी एक प्रश्न विचारा : पट आधी घटला, की छत आधी गळलं?