राज्यकर्त्यांचे कागद जनतेचे

शिंद्यांचे मेहुणे हिंदूराव घाटगे यांचे नाव आजही मिरवणाऱ्या दिल्लीतील इस्पितळाजवळ, टेकडीवर, ब्रिटिशांनी 1863 साली उभारलेला स्मारकस्तंभ आहे. 1857 च्या लढवय्यांना त्यावर ‘शत्रू’ म्हटले आहे. 1972 साली ते लेख पुसले गेले नाहीत; हे ‘शत्रू’ परकीय सत्तेशी झुंजलेले वीर होते, असे बजावणारी पाटी तेथे लावली गेली. राज्यकर्त्यांची साक्ष उघड्यावर होती, म्हणूनच तिला उत्तर देता आले.

तीन मूर्ती भवनातील संग्रहालय व ग्रंथालयावरून 2023 मध्ये नेहरूंचे नाव काढण्यात आले. हा क्षुद्रपणा निषेधार्हच होय. परंतु 2008 मध्ये नेहरूंच्या कागदपत्रांच्या 51 पेट्या तेथून गांधी कुटुंबाकडे परत गेल्या, त्याबद्दलही मौन पाळता येणार नाही. साम्राज्यशाही अमेरिकेतसुद्धा वॉटरगेटनंतर 1978 च्या कायद्याने अध्यक्षांचे सरकारी कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरले. (तेथील अध्यक्षीय ग्रंथालयांच्या इमारती मात्र धनिकांच्या देणग्यांतून उठतात!) आपला 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तरापुरताच आहे. पंतप्रधान कोणत्याही पक्षाचा असो, त्याचा राज्यकारभाराविषयीचा सारा पत्रव्यवहार ठरावीक मुदतीत अभ्यासकांना खुला करणारा कायदा संसदेने केला पाहिजे. आणि प्रारंभ त्या 51 पेट्यांपासून व्हावा.