शेवंता भूत, आणि अण्णा मात्र अण्णाच!

भूगावच्या आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला भरते. हप्ते गोळा होतात, वहीवर सह्या होतात आणि मग खऱ्या गप्पांना तोंड फुटते. त्या दिवशी वाद पेटला तो व्याजाच्या दरावरून नव्हे, तर खरी शेवंता कोणती यावरून! झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०२२ मध्ये संपली, पण तिच्यावरचा वाद काही संपत नाही. एकीचे म्हणणे, अपूर्वा नेमळेकरची शेवंता हीच खरी. तिसऱ्या पर्वात तिच्या जागी कृतिका तुळसकर आली आणि मजाच गेली. दुसरी म्हणाली, खरी भीती वाटायची ती पहिल्या पर्वात, पुढे सगळा चावटपणा. तिसरीला अण्णांपलीकडे काही सुचतच नव्हते. “अण्णांचं ते बघणं, बाई गं!” खोटे कशाला बोलू, मीही तावातावाने वाद घातला. भुताची गोष्ट मलाही आवडते.

भिंतीला टेकून एक बाई मात्र गप्प बसल्या होत्या. बैठक मोडल्यावर चपला घालता घालता त्या म्हणाल्या, “ताई, मला माहेरी शेवंताच म्हणतात. मी दारात दिसले की भाऊ म्हणतो, आली शेवंता, आता घर खाणार.”

त्यांचा गुन्हा एवढाच, की वडिलांच्या पश्चात त्यांनी जमिनीत हिस्सा मागितला.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, बावधन मागे टाकले की पौड रस्त्यावर भूगाव लागते. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता बंगले, उंच इमारती आणि लग्नाची लॉन्स आहेत. जमीन एकराने नव्हे, गुंठ्याने बोलली जाते. या पैशाबरोबर आमच्याकडे एक कागद फार बोकाळला, तो म्हणजे हक्कसोडपत्र. भाऊबीजेला साडी घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात निबंधक कचेरीत जाऊन सही करायची. ‘माहेर तुटू नये’ म्हणून बहिणी सही करतात. जी करत नाही तिला घरात शिरलेली बाधा ठरवायचे!

कायदा तर कधीचा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितेची ती अट गेली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. एवढे सगळे झाल्यावर बहिणीला रोखायला उरते काय? कायदा उरत नाही, बदनामी उरते. आणि बदनामीला शब्द लागतात. ते शब्द कुठून येतात, हे पाहायला नको?

म्हणून त्या मालिकेकडे वळते. २०१६ साली तिचे पहिले पर्व आले. सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. कोकणातल्या वाड्यात सगळे कुटुंब जमते आणि एकेक विचित्र प्रकार सुरू होतात. अंधश्रद्धेला खतपाणी मिळते म्हणून तेव्हा कोकणातूनच विरोध झाला होता. २०१९ मध्ये मालिकेचे पुनरुज्जीवन झाले ते मागे जाऊन, म्हणजे मेलेल्या अण्णांना जिवंत करून. माधव अभ्यंकरांनी अण्णा इतके झकास उभे केले की महाराष्ट्र त्यांच्या प्रेमात पडला. आता हे अण्णा कोण? दुसऱ्यांच्या जमिनी लुबाडणारे, बायकांवर नजर ठेवणारे, बायकोला घरात दासीसारखे वागवणारे, वाटेत येणाऱ्याचा काटा काढणारे. शेवंता ही त्यांच्या नजरेला पडलेली दुसऱ्याची बायको. ती फसते, वापरली जाते, मरते आणि भूत होते. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात दोघेही भुते म्हणून वाड्यात वावरतात.

चाहते इथे मला अडवतील. “मग अण्णाही भूतच आहेत ना!” आहेत. पण आपल्या बोलण्यात ते भूत होतात का? गावातल्या कोणत्याही दांडगट, जमीनलाटू माणसाला कुणी ‘अण्णा’ म्हटले तर तो मिशीत हसतो, त्याला तो मान वाटतो. बाईला ‘शेवंता’ म्हटले तर तिला मान खाली घालावी लागते. एकाच गोष्टीतली, एकाच वाड्यातली दोन भुते. एकाचे नाव पदवी झाले, दुसरीचे शिवी झाले. पहिली शेवंता बरी की दुसरी, मेकअप भीतीदायक की हास्यास्पद, यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्या चाहत्यांना (त्यात मीही आले) हा फरक कधी दिसला नाही.

आणि जी स्त्री ही भूमिका करत होती तिचे काय झाले? मालिका सोडताना अपूर्वा नेमळेकर यांनी जाहीरपणे तक्रार केली की त्यांच्या वजनावरून टिंगल होत होती. पडद्यावर त्याच शरीराकडे लाळ गाळत बघायचे, पडद्यामागे त्याचीच चेष्टा! चाहत्यांचा मुख्य प्रश्न मात्र ‘मग आता शेवंता कोण?’ हाच होता.

ही विभागणी टीव्हीने शोधून काढलेली नाही, हे मान्य करू. आपली जुनी भुते आठवा. वेताळाला देऊळ आहे. कोकणातल्या देवचाराला नारळ दिला की तो गाव राखतो. मुंजाला पिंपळावर हक्काची जागा आहे. पुरुष भुतांशी करार करता येतो. आणि बायका? हडळ, जखीण, लावसट, अळवंतीण. यातली अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. जरा थांबून विचार करा. पोटात मूल असताना किंवा मूल होताना बाई मरते. सुईण नाही, दवाखाना नाही, अंगात रक्त नाही. आणि तिच्या मरणाचा जाब विचारण्याऐवजी आपण तिची पावले उलटी करून तिलाच गावाच्या वेशीवर उभी करतो. म्हणे तिच्या इच्छा अपुऱ्या राहिल्या! राहणारच. ज्यांनी त्या अपुऱ्या ठेवल्या त्यांची भुते होत नाहीत, एवढेच मला खटकते.

माझा धाकटा भाऊ हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला माझे हे बोलणे अति वाटते. तो आणि त्याचे मित्र ‘डॉक्टर हू’ या इंग्लंडच्या विज्ञानकथा मालिकेचे भक्त आहेत, आणि भक्तांचे वाद सगळीकडे सारखेच. ती मालिका बीबीसीने १९६३ मध्ये सुरू केली, १९८९ मध्ये बंद केली आणि २००५ मध्ये पुन्हा आणली. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही ऐन विशीतली तरुणी होती आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौचा जन्म असलेला. तिच्यातले जुने राक्षस म्हणजे डॅलेक. लोखंडी पिंपात बसलेले, आपल्यासारखा नसेल त्या प्रत्येकाला संपवायला निघालेले. लेखक टेरी नेशन यांच्या मनात हिटलरचे नाझी होते. दुसरे सायबरमेन, शरीराचा एकेक अवयव यंत्राने बदलत भावना गमावून बसलेली माणसे. २०१० मध्ये डॅलेकना जाडजूड रंगीबेरंगी रूप दिले तेव्हा चाहते इतके खवळले की निर्मात्यांनी गुपचूप जुनी पिंपे परत आणली! भाऊ हे हसत हसत सांगत होता. मी विचारले, त्या राक्षसांत बाई किती? तो गप्प झाला.

उगाच कौतुक नको. त्या मालिकेतही वर्षानुवर्षे मुलींचे काम किंचाळायचे आणि नायकाच्या मागे पळायचे. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर ही स्त्री ‘डॉक्टर’ होणार असे जाहीर झाले तेव्हा काही चाहत्यांना जणू घरात सुतक आले. पण राक्षस कुणाला करायचे, हे त्या लोकांनी बऱ्यापैकी नीट ठरवले होते. सत्तेची हाव, वंशाचा गर्व, माणुसकी गमावलेले यंत्र. मूल ते बघून घाबरते तेव्हा योग्य गोष्टीला घाबरते. आमची मुले मात्र रात्री पाण्याला उठताना मोकळ्या केसांच्या बाईला घाबरतात. जमीन लाटणाऱ्याला घाबरत नाहीत, मोठेपणी त्याच्यासारखे व्हायचे म्हणतात.

विज्ञानकथा मराठीत नव्हती असेही नाही. आमच्या पुण्यात राहिलेल्या जयंत नारळीकरांनी ती वर्षानुवर्षे लिहिली. पण वाहिन्यांना वाडा, विहीर आणि हिरवी साडी परवडते.

“करमणूक आहे हो, मनावर काय घ्यायचे?” हे वाक्य आपण प्रत्येक शिबिरात ऐकले आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. नंदुरबारच्या सातपुडा भागात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्यातल्या कार्यकर्त्यांनी हाताळल्या आहेत. त्यांच्या अनुभवात भांडण पुष्कळदा विधवेच्या शेताचे निघते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण भाऊ चेष्टेत ‘शेवंता’ म्हणतो त्याला कोणते कलम लावणार? तिथे कायदा पोचत नाही. तिथे आपण पोचायला हवे.

आणि इथे मला आपल्याच मैत्रिणींशी भांडायचे आहे. आपण मालिकांवर दोनच प्रकारे बोलतो. एक तर ‘बंद करा’ म्हणून निवेदन देतो, नाहीतर ‘आम्ही बाई असले बघतच नाही’ म्हणून नाक मुरडतो. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात मी पथनाट्य शिकले, पोस्टर शिकले, आकडेवारी मांडायला शिकले. पण दिवसभर राबून आलेली बाई रात्री ताट बाजूला सारून ज्या गोष्टीत बुडून जाते त्या गोष्टीबद्दल तिच्याशी कसे बोलायचे, हे कुणी शिकवले नाही. तिला आपण अडाणी समजलो. ती अडाणी नाही. शेवंता फसवली गेली हे गटातल्या प्रत्येकीला माहीत होते. अण्णांच्या इंदूचे हाल बघून त्या रडल्या होत्या. फक्त त्या रडण्याचा आणि स्वतःच्या सहीचा संबंध कुणी जोडून दिला नव्हता. मालिकेवर बंदी मागून तो जोडला जाणार नाही. एकत्र बसून ती पाहावी लागेल, वाद घालावा लागेल, अण्णांनी बळकावलेल्या जमिनींच्या जागी आपल्या गावचे गट नंबर घालून बघावे लागतील.

पुढच्या बैठकीत मी तेच करायचे ठरवून गेले होते. टिपणही काढले होते. पण त्या बाईंनी माझ्याआधीच पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा आणि तलाठ्याकडून आलेली फेरफाराची नोटीस काढली. “ताई, आधी हे वाचा. शेवंताचं मागनं बघू.” वारस म्हणून तीन भावांचीच नावे धरली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, त्यातले नऊ गेले होते. खरी शेवंता कोणती म्हणून भांडणाऱ्या दोघी दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून त्यांच्याबरोबर पौडच्या कचेरीत जायला तयार झाल्या. अर्ज तिथेच वहीच्या पानावर लिहिला. एकीने विचारले, नाव काय घालायचे, माहेरचे का सासरचे? त्या म्हणाल्या, दोन्ही घाला.