निळ्या धुराची चौकशी

सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबाची घरातली बोली कितीही मिसळून गेली, तरी गावाकडचा रस्ता मात्र त्याला तोंडपाठ असतो. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, आणि वर चढले की दहिवेल, साक्री, धुळे. हा रस्ता आम्ही एस. टी.ने केला, भाड्याच्या जीपने केला, आणि गेली बारा-तेरा वर्षे आमच्या स्वतःच्या टर्बो डिझेल गाडीने करीत आलो आहोत. गाडी घेतली तेव्हाही ती नवी नव्हती. पंधरा वर्षे भरल्यावर तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्या दिवशी आमच्या सौ.नी तिला हळदकुंकू लावले. एकंदरीत गाडी घरातलीच झाली आहे.

गेल्या चैत्रात धुळ्याच्या एकवीरादेवीचे दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. कोंडाईबारीचा उतार संपला, विसरवाडीजवळ सपाट रस्ता लागला आणि आम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागच्या काचेतून पाहत बसलेला आमचा नातू ओरडला, “आजोबा, मागचा पिवळा ट्रक निळा झाला!” आरशात पाहतो तो खरोखरच ट्रक दिसेनासा झाला होता. त्या ट्रकवाल्याने कर्णा वाजवून आपले मत स्पष्टपणे कळविले, ते येथे देत नाही.

सुरतेस परतल्यावर एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथील मिस्त्रीने सायलेन्सरकडे एकदा पाहिले आणि निकाल दिला, “शेठ, रिंगा गेल्या. फुल इंजिन करावे लागेल.” खर्च पंच्याहत्तर हजार. दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की इंजिन ठीक आहे, टर्बो बदला. दोघांनीही बॉनेट उघडले नव्हते. मध्यमवर्गीय घरात अशा वेळी जे होते तेच आमच्याकडे झाले : दोन दिवस कोणी गाडीचे नाव काढीना, आणि तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी “आता विकूनच टाकू या का?” असे हळूच विचारले.

ज्यांच्या घरी जुनी टर्बो डिझेल गाडी आहे, त्यांच्यावर हा प्रसंग आज ना उद्या येणारच. म्हणून या खेपेस इतर विषय बाजूला ठेवून आम्ही निळ्या धुराकडे वळलो आहोत.

डिझेल इंजिनाचा काळा धूर म्हणजे इंधन अधिक किंवा हवा अपुरी. पांढरा धूर म्हणजे न जळालेले डिझेल, अथवा इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरून झालेली वाफ. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. तेल स्वतः निळे नसते. त्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरतात, म्हणून धूर निळा दिसतो. देवघराच्या काळोख्या कोपऱ्यात उदबत्तीच्या टोकाचा धूर निळसर दिसतो, त्याचेही कारण हेच. म्हणूनच धुराचा रंग गडद पार्श्वभूमीवर पाहावा. उजळ आकाशासमोर तोच धूर पिवळट-तपकिरी भासतो आणि माणूस फसतो. दुसरी फसगत थंडीच्या पहाटे होते. गार इंजिनातून निघणारे कच्च्या डिझेलचे धुकेही जरासे निळसर असते, परंतु ते डोळ्यांना झोंबते व इंजिन तापताच नाहीसे होते. वंगणाच्या धुराला कढईत करपलेल्या तेलाचा वास येतो. गृहिणींना तो ओळखायला शिकवावे लागत नाही.

तेल जळते आहे एवढे धुराने सांगितले; ते कोठून येते हे मात्र त्याने सांगितलेले नसते. आमच्या दोन्ही मिस्त्रींनी येथेच उडी मारली. तेलाला ज्वलनकोठीत शिरायला किमान चार वाटा आहेत : झिजलेल्या पिस्टन-रिंगांवरून, व्हॉल्व्हच्या दांड्याजवळच्या सीलमधून, टर्बोमधून आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून. पहिल्या वाटेचा खर्च सर्वांत मोठा, शेवटच्या वाटेचा जवळजवळ नाहीच. आणि गॅरेजात चौकशी बहुधा मोठ्या खर्चाकडून सुरू होते.

अखेर एका परिचिताने आम्हांस उधन्याकडच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. मूळचे खानदेशातले. सारे गॅरेज त्यांना ‘बाबा’ म्हणते. विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करता करता ते या धंद्यात आले. १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची इंजिने ज्या शिवारांत धडधडत, तेथल्या पुष्कळ मुलांची पहिली शाळा तीच. बाबांनी गाडीकडे पाहिलेच नाही, आम्हांलाच प्रश्न विचारले. “दादा, धूर केव्हा निघतो? सकाळी चालू करताना? चढावर? का उतार उतरल्यावर?”

या ‘केव्हा’मध्ये अर्धे निदान आहे. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकच निळा भपका सोडला आणि मग ती स्वच्छ झाली, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. रात्री थेंब थेंब गळलेले तेल सकाळी जळते. चढावर, भार घेताना धूर सतत येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर रिंगा व लायनर. गाडी बराच वेळ उभ्याने चालू राहिली किंवा लांब उतार उतरली आणि नंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ढग उठला, तर बहुतेक मिस्त्री पुन्हा व्हॉल्व्ह सीलचेच नाव घेतात. पेट्रोल इंजिनात ते योग्यही ठरेल, कारण तेथे हवेच्या वाटेवर झडप असते; ती मिटली की आत जोराची ओढ निर्माण होते व सीलमधून तेल खेचले जाते. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसल्यामुळे ओढही तेवढी नसते. “तेव्हा डिझेलला उतारावरून धूर आला, तर मी आधी टर्बोकडे बघतो,” बाबा म्हणाले. “टर्बो बदलायला नव्हे हो, बघायला.”

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. लहान गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. हे तेल पंपाच्या दाबाने टर्बोत येते. परत जाताना मात्र त्याला दाब नसतो, ते केवळ आपल्या वजनाने खालच्या टाकीत ओघळते. मोरी तुंबली म्हणजे न्हाणीघरात पाणी साचते, तसेच ही परतीची नळी तुंबली की तेल टर्बोत साचते आणि दांड्याच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडते. एका टोकाला गेले तर ते इंजिनात जाऊन जळते, दुसऱ्या टोकाला गेले तर सायलेन्सरात. टाकीत तेल प्रमाणाबाहेर भरले, इंजिनाच्या पोटात वायूंचा दाब वाढला किंवा एअर फिल्टर चोंदला, तरी परिणाम तोच. अशा वेळी नवा टर्बो बसविला तर तोही महिन्याभरात तेल ओकू लागतो, आणि मालक टर्बोच्या कारखान्याला बोल लावतो.

बाबांनी प्रथम तेलाची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर! ‘गाडी तेल खाते’ म्हणून मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी उदारपणे जास्त ओतले होते. मग इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण काढले व तोंडावर उलटे ठेवले. रिंगा गेलेल्या असत्या तर खालून येणाऱ्या वायूने ते उडून पडले असते. गॅरेजवाले यालाच इंजिन ‘बॅक मारते’ म्हणतात. झाकण थोडे थरथरले, पडले नाही. पंच्याहत्तर हजारांपैकी बरेचसे आम्हांस तेथेच परत मिळाल्यासारखे वाटले.

एअर फिल्टर निघाला तो पाहण्यासारखा होता. आमची गाडी यंत्रमागांच्या गल्लीत उभी राहते. धुळीबरोबर कापडाचे तंतू बसून फिल्टरची गोधडी झाली होती. पुढे टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी नळी सोडली. तिच्यात तेलाचा हलका हात फिरलेला असणे स्वाभाविक आहे, परंतु येथे तेल साचून होते. मग आली आम्हांला सर्वांत पटलेली परीक्षा. टर्बोच्या आधीचा, म्हणजे इंजिनातून वायू बाहेर येण्याचा मार्ग पाहिला. तो कोरडा व काजळीचा. टर्बोच्या नंतरचा पाहिला, तो ओला. इंजिनच तेल जाळत असते तर अलीकडची बाजूही ओलसर असती. टर्बोचा दांडा बाबांनी बोटाने हलविला. आडवा किंचित हलतो, तो तेलावर तरंगणारा असल्यामुळे तसा हलायचाच. मागेपुढे मात्र सरकत नव्हता, आणि चाकांची पाती कोठे घासलेली नव्हती. शेवटी परतीची नळी काढली. तिच्यात करंगळी जाईना, इतका काळा कोळसा जमला होता.

हा कोळसा आमच्याच कर्तबगारीचा. हायवेवरून दौडत यायचे आणि दारात थांबताच चावी फिरवायची, ही आमची जुनी सवय. तापलेल्या टर्बोतले तेल तेथल्या तेथे करपते आणि थरावर थर बसतात. दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करा, असे पहिल्या मालकाने बजावले होते. आम्ही ते डिझेलची नासाडी समजलो.

धूर कमी व्हावा म्हणून जाड तेल घालण्याचा सल्लाही पुष्कळ देतात. त्याने धूर काही दिवस दबेल, परंतु गार सकाळी तेच तेल टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते आणि खरा टर्बो तेव्हा जातो. पी. यू. सी.च्या दाखल्यावरही भिस्त ठेवू नये. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीस ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. ते यंत्र धूर किती प्रकाश अडवितो एवढेच मोजते, रंग पाहत नाही. शिवाय चाचणी तापलेल्या इंजिनावर होते, सकाळचा भपका तेथे हजरच नसतो. आणि कॉम्प्रेशन मोजल्याखेरीज कोणी ‘फुल इंजिन’ सांगत असेल, तर गाडी सरळ घरी आणावी.

एक गोष्ट मात्र घरात गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. टर्बोतून तेल भरमसाट येऊ लागले तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून पिऊ लागते. मग चावी काढली तरी ते थांबत नाही; आवाज चढत जातो आणि निळा-पांढरा धूर कोंदाटतो. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. ते न साधले तर सर्वांना उतरवून दूर न्यावे. बॉनेट उघडून हवेच्या नळीवर हात ठेवू नये. निळा धूर दिसूनही महिनोन्महिने चालढकल करणाऱ्यांनी हा धोका लक्षात घ्यावा.

नवी परतीची नळी, गॅस्केटे, फिल्टर, ब्रीदरची साफसफाई आणि खुणेइतके ताजे तेल, एवढ्यावर काम भागले. इंटरकूलर उलटा केला तेव्हा त्यातून पाऊण वाटी तेल निघाले. सारा खर्च साडेचार हजारांच्या आत. टर्बो जुनाच आहे. सकाळी एक बारीकसा भपका अजून येतो. ते व्हॉल्व्ह सील, आणि “त्याला घाई नाही,” असे बाबांचे मत पडले. तेलाची पट्टी आता दर रविवारी पाहिली जाते, आणि आकडा दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहिला जातो.

आषाढात पुन्हा धुळ्यास जाणे झाले. परतीच्या वाटेवर कोंडाईबारी उतरताना आम्ही बोलत नव्हतो. नातू मागच्या काचेला नाक लावून बसला होता. विसरवाडी आली, आम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि थोड्या वेळाने त्याने जाहीर केले की मागचा ट्रक पिवळाच आहे.