खडकाचें विरजण

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या नातवानें हट्ट घेतला कीं, घरांत समुद्र पाहिजे. गोड्या पाण्यांतील माशांची पेटी दिवाणखान्यांत होतीच. पण त्याला हवें होतें खारें पाणी, खडक आणि नारिंगी मासे. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पाणी भरलें, तिसऱ्या दिवशीं दोन मासे सोडले, आणि सहाव्या दिवशीं सकाळीं दोन्ही तळाशीं पडलेले आढळले. पोर दिवसभर जेवलें नाहीं. पैसे मीं दिले होते. चौकशी मात्र केली नव्हती.

ती मागाहून केली. माशांच्या मलापासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया हें विष उत्पन्न होतें. अथांग समुद्रांत तें विरून जातें, पेटींत सांचतें. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात, तें मात्र त्या मानानें सौम्य असतें. या जंतूंची वस्ती सच्छिद्र खडकावर होते. खडकाच्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु फारसा पोंचत नाहीं, तेथील निराळे जंतु नायट्रेटाचा नायट्रोजन वायु करतात व तो हवेंत निघून जातो. अशा वसलेल्या खडकास ‘जिवंत खडक’ म्हणतात. दगडाला जीव नसतो, जीव असतो त्याच्या छिद्रांत. जाकार्तांतील ली चिन एंग या गृहस्थांनीं १९६१ सालीं एका मासिकांत लेख लिहून ही रीत जगापुढें मांडली : जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, यापलीकडे फारशीं यंत्रें नाहींत.

हें ऐकतांच नातू म्हणाला, “आजोबा, मे महिन्यांत मालवणास आत्याकडे जाऊं तेव्हां दोन खडक उचलून आणूं.” मीं साफ नाहीं म्हटलें. वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ सालापासून प्रवाळांस संरक्षण आहे, आणि मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. कायदा नसता तरी माझें उत्तर तेंच असतें. समुद्राचा तुकडा तोडावयाचा आणि गाडींत कुजवीत पुण्यास आणावयाचा, हा कसला छंद?

मग करावें काय? सूनबाई ताक घुसळतां घुसळतां म्हणाली, “मामंजी, दहीं लावायला कुणी गाय आणत नाहीं. विरजण शेजारून मागतात.” आमच्या सर्व वाचनाहून हें बोलणें अधिक उपयोगी ठरलें.

कृत्रिम, कोरडा, सच्छिद्र खडक विकत मिळतो; तो आणला. आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांकडे जुनी खारी पेटी आहे. तिच्यांतला मुठीएवढा कृत्रिम खडक त्यांनीं ओल्या फडक्यांत गुंडाळून दिला. तेंच विरजण.

पाण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षारहि असतात, म्हणून तयार मिश्रणच घ्यावें. शुद्ध केलेल्या पाण्यांत लिटरला सुमारें ३५ ग्रॅम पडतें. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यावें. उन्हाळ्यांत पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. तेव्हां तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. हें न कळल्यामुळें मीं एकदां खारें पाणी ओतून बसलों होतों! लहान पेटी सोपी, हाहि भ्रमच. पाणी थोडें, म्हणून बिघाड झपाट्यानें होतो. शंभर लिटरांहून कमी नसावी.

यानंतर वाट पाहणें. जंतूंना खाद्य म्हणून चिमूटभर माशांचें अन्न टाकावयाचें, मासा एकहि नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत खडकावर तपकिरी लेप चढला. घरांतील वडील मंडळींनीं नाकें मुरडलीं, पण तो आपोआप ओसरला. नातू रोज शाळेंतून आल्यावर नळींत थेंब टाकी, रंग पाही व आंकडा वहींत लिही. बाविसाव्या दिवशीं त्यानें “आतां सोडूं या ना” म्हणून रडून घेतलें. आजीहि त्याच्याच बाजूची. मीं नळी दाखविली. नायट्राइट भरपूर होतें. एकेचाळिसाव्या दिवशीं अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आलीं. तरी त्यानें आणखी एक दिवस थांबून पुन्हां थेंब टाकले. हें मीं सांगितलें नव्हतें.

आज पेटींत दोन शंखगोगलगायी आहेत, आणि एक नारिंगी मासा, तोहि टाकींतच जन्मलेला. दुसरा श्रावणांत आणावयाचा ठरला आहे. डॉक्टरांचा खडक परत द्यावयाचा होता, पण ते म्हणाले, ठेवा. आमच्या आळींतल्या आणखी एका मुलानें विरजण मागितलें आहे.