किल्ली बसते, पण फिरत नाही

साहित्याच्या मुलांनी सायन्सचं इलेक्टिव्ह घ्यायचंच तर सोपं बघून घ्यावं, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. पेशी, मेंदू आणि औषधं यांची तोंडओळख करून देणारा पेपर आपण जरूर घ्यावा. फक्त तीन युनिटं तीन वह्यांत वेगवेगळी पाठ केली की त्यातली मजा संपली.

त्यापेक्षा एकाच गोष्टीपासून सुरुवात करावी. १९२१ साली ग्राझमध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस उत्तेजित केली, हृदय मंदावलं. त्यातलं द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. म्हणजे निरोप नेणारं एखादं रसायन होतं. (प्रयोग ईस्टरच्या आदल्या रात्री स्वप्नात सुचला, असं लोवी सांगत.) ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळालं.

हे रसायन पेशीच्या आवरणातल्या रिसेप्टरला चिकटतं आणि आत काम सुरू होतं. पुस्तकं इथे कुलूप-किल्लीची उपमा देतात. मग धोतऱ्यातलं ॲट्रोपिन काय करतं? ही किल्ली कुलपात बसते, पण फिरत नाही, आणि खरीला आत जाऊ देत नाही. म्हणून धोतरा पोटात गेला की तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, छातीत धडधड, माणूस भ्रमिष्ट. पेशी, नस, औषध, तिन्ही युनिटं इथे एकत्र येतात.

उपमा तरी लंगडीच आहे. खऱ्या किल्ल्या पुष्कळ आल्या तर खोटीला हटावं लागतं. कुलपापेक्षा हे एस.टी.तल्या सीटसारखं आहे. अशी उपमा तपासणं हे आपलंच काम नाही का?

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. सर्दीवरच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामीन मेंदूत पोचतं आणि हीच सीट थोडीफार अडवतं. म्हाताऱ्या माणसांना त्याने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." आजीला 'अँटिकोलिनर्जिक' सांगून काय उपयोग? "आजी, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नको, हिनं डोकं भ्रमतं," हे तिला लगेच कळतं. आमचे सायन्सवाले मित्र पहिला शब्द बरोबर लिहितात, दुसरं वाक्य त्यांना सुचत नाही.

मंडळाने पुढच्या अंकापासून एक पान ठेवावं: एक औषध, घरच्या मराठीत. मजकूर फार्मसीच्या सरांकडून तपासून घेऊ. पहिलं पान मी लिहून देते.