मांदेली म्हणजे छोटी तारली नव्हे



गेल्या अंकातील पत्रात मांदेली, तारली आणि बोंबील यांना ‘आकाराने वेगळे, पण एकाच कुळातले मासे’ म्हटले आहे. हे पटण्यासारखे नाही.

लांबी आणि रंग यांवरून माशांची कुळे ठरत नाहीत. मांदेलीचे तोंड पाहावे. नाकाड पुढे आलेले, खालचा जबडा त्याखाली दबलेला आणि वरच्या जबड्याचे हाड डोळ्याच्या बरेच मागे गेलेले. तारलीचे तोंड टोकाशीच उघडते आणि तिचा वरचा जबडा आखूड असतो. शिवाय मांदेलीचा पोटामागचा लांबच लांब पर थेट शेपटीला जाऊन मिळतो, छातीच्या पराचे वरचे काटे दोऱ्यासारखे लोंबतात. तारलीत यातले काहीच नाही. म्हणून कुळे दोन. मात्र पोटाच्या कडेवरचे धारदार खवले दोघींत आहेत, वाताशयाच्या (हवेच्या पिशवीच्या) शाखाही दोघींत कवटीत शिरून कानाशी पोहोचतात. त्यामुळे दोन्ही कुळांचा गण एकच.

बोंबलाची तर गोष्टच निराळी. त्याच्या पाठीवर, शेपटीजवळ, काटे नसलेला छोटा मांसल पर असतो, तो या दोघींत नसतो. त्याचा खरा भाऊबंद चोर बोंबील. कोळणींनी हे नाव ठेवताना शास्त्रज्ञांना विचारले नसावे!

मांदेलीचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८४८ मध्येच केले आहे. आपण पुढे माशांचा तक्ता छापलात, तर तो लांबीवरून न करता जबडा आणि परांवरून करावा, ही विनंती.

— एक वाचक